नदीची जागा नदीला मागणारा भूगोलज्ञ : गिल्बर्ट व्हाइट

अमेरिकेत घर विकत घेणाऱ्याच्या हाती गृहकर्जाच्या कागदपत्रांचा जो गठ्ठा पडतो, त्यात एक साधा कागद असतो. घर पुराच्या धोक्याच्या क्षेत्रात येते की नाही, एवढेच त्यावर नमूद केलेले असते. उत्तर नकारार्थी असले की बहुतेक खरेदीदार तो कागद बाजूला ठेवून देतात. होकारार्थी असले तर वेगळा पूरविमा घेणे भाग पडते, कारण घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचे नुकसान धरलेले नसते. हा कागद, त्यामागचा नकाशा, नकाशावरील रेषा आणि त्या रेषेला जोडलेला विमा, या साऱ्यांवर एका भूगोलज्ञाच्या प्रदीर्घ चिंतनाचा ठसा आहे. त्यांचे नाव गिल्बर्ट फाउलर व्हाइट. पूरविम्याचा विचार त्यांनी फार लवकर मांडला आणि हा विमा चुकीच्या रीतीने राबवला तर तो संकट कमी करण्याऐवजी वाढवील, असा इशाराही त्यांनीच दिला. त्यांच्या जीवनाची कथा ही या दोन गोष्टींमधील अंतराची कथा आहे.

व्हाइट यांचा जन्म २६ नोव्हेंबर १९११ रोजी शिकागो येथे झाला. विद्यापीठाच्या परिसरात, हाइड पार्क भागात त्यांचे बालपण गेले. उन्हाळ्याच्या सुट्ट्या मात्र व्हायोमिंग राज्यातील टंग नदीच्या खोऱ्यात, कुटुंबाचा संबंध असलेल्या पशुपालनाच्या मळ्यावर जात. शहरात वाढणाऱ्या या मुलाला नदी, कुरण आणि त्यांवर जगणारी माणसे तेथे जवळून पाहता आली. शिकागो विद्यापीठात त्यांनी भूगोलाचे शिक्षण घेतले. तेथील प्राध्यापक हार्लन बॅरोज हे भूगोलाकडे माणूस आणि त्याचा परिसर यांच्या परस्परसंबंधांचे शास्त्र म्हणून पाहत. हा दृष्टिकोन व्हाइट यांनी आयुष्यभर जपला.

१९३४ मध्ये बॅरोज यांच्यासमवेत ते वॉशिंग्टनला गेले. रूझवेल्ट प्रशासनाने मिसिसिपी खोऱ्याच्या नियोजनासाठी नेमलेल्या समितीचे काम पाहण्यासाठी गेलेला हा तरुण तेथे आठ वर्षे राहिला. तो काळ महापुरांच्या आठवणींनी भारलेला होता. १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरात काठावरचे तटबंध ठिकठिकाणी फुटले होते आणि सहा लाखांहून अधिक लोक बेघर झाले होते. १९३६ मध्ये पूरनियंत्रण कायदा संमत झाला आणि पूर रोखणे ही संघराज्य सरकारची जबाबदारी ठरली. लष्कराच्या अभियंता दलाने धरणे, तटबंध आणि कालवे यांची कामे देशभर हाती घेतली. पाणी अडवले की पुराचा प्रश्न सुटेल, असा सार्वत्रिक विश्वास होता.

व्हाइट यांना हा विश्वास अपुरा वाटला. १९४२ मध्ये पूर्ण झालेल्या आणि १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पीएच.डी.च्या प्रबंधात त्यांनी एक वेगळा प्रश्न विचारला. नदीला पूर येणे हा निसर्गाचा क्रम आहे. पण नुकसान होते ते माणूस नदीच्या पात्रालगत घरे, दुकाने, कारखाने बांधतो म्हणून. मग उपाय केवळ नदीवर का करायचा? माणसाच्या वागण्यावर का नाही? पुराशी जुळवून घेण्याचे आठ मार्ग त्यांनी मांडले. जमिनीची उंची वाढवणे, वरच्या खोऱ्यात जमिनीचा वापर सुधारून पाण्याचा वेग कमी करणे, धरणे व तटबंध बांधणे, आपत्कालीन उपाय योजणे, इमारतींच्या बांधणीत बदल करणे, पूरमैदानातील जमिनीचा वापर बदलणे, सरकारी मदत देणे आणि विमा उतरवणे, असे ते आठ मार्ग. धरण आणि तटबंध हा या आठांपैकी केवळ एक होता. विमाही एकच होता. यांतला कोणताही एक मार्ग एकट्याने पुरेसा नाही, स्थळ पाहून त्यांची सांगड घातली पाहिजे, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते.

प्रबंध पूर्ण झाला तेव्हा जग युद्धात होते. व्हाइट क्वेकर पंथाचे होते आणि युद्धात शस्त्र धरण्यास त्यांचा विवेक तयार नव्हता. क्वेकर सेवासमितीच्या वतीने ते निर्वासितांच्या मदतीसाठी फ्रान्समध्ये गेले. जर्मन सैन्याने दक्षिण फ्रान्सचा ताबा घेतल्यावर त्यांना इतर अमेरिकी नागरिकांबरोबर बाडेन-बाडेन येथे स्थानबद्ध करण्यात आले. १९४४ मध्ये सुटका होऊन ते मायदेशी परतले आणि त्याच वर्षी अ‍ॅन अंडरवुड यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९४६ मध्ये, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, पेनसिल्व्हेनियातील हॅव्हरफर्ड या क्वेकर परंपरेच्या महाविद्यालयाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. ते त्यांनी १९५५ पर्यंत सांभाळले. त्यानंतर ते पुन्हा शिकागो विद्यापीठात, आपल्या मूळ विषयाकडे वळले.

१९३६ च्या कायद्याला आता वीस वर्षे उलटली होती. एवढा खर्च करून देशाने काय साधले, हे तपासण्यासाठी व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सतरा शहरी वस्त्यांतील पूरमैदानांचा अभ्यास केला. १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष धक्कादायक होता. पूरनियंत्रणावर प्रचंड पैसा खर्च होत असतानाही पुराने होणारे नुकसान घटण्याऐवजी वाढत होते. कारण उघड होते. तटबंध उभा राहिला की त्यामागची जमीन सुरक्षित समजली जाई. मग तेथे अधिक घरे उभी राहत. लहान पूर तटबंधाने अडत, परंतु तटबंधाच्या क्षमतेपलीकडचा पूर आला की पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक मालमत्ता पाण्याखाली जाई. सुरक्षिततेसाठी केलेला उपायच धोक्याकडे माणसे ओढून आणत होता.

याच काळात त्यांनी एका असामान्य विद्यार्थ्याला आपल्याकडे घेतले. रॉबर्ट केट्स हे पोलाद कारखान्यात काम करणारे गृहस्थ होते आणि त्यांच्याकडे पदवी नव्हती. तरीही व्हाइट यांनी त्यांना पदव्युत्तर अभ्यासाची संधी दिली. केट्स यांनी टेनेसी राज्यातील लाफॉलेट या लहान गावात जाऊन पूरमैदानात राहणाऱ्यांशी संवाद साधला. माणसे पुराचा धोका कसा मोजतात, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. आढळले ते असे की लोक आपल्या अनुभवाचे कैदी असतात. जेवढा पूर पाहिला तेवढाच पूर येऊ शकतो, अशी त्यांची समजूत असते. नुकताच येऊन गेला म्हणजे आता लवकर येणार नाही, असा कित्येकांचा हिशेब असतो. पुढे केट्स स्वतः नामांकित भूगोलज्ञ झाले. परंतु लाफॉलेटचा तो धडा आजही प्रत्येक गावाला लागू पडतो.

१९६५ मध्ये बेट्सी चक्रीवादळाने लुइझियानाच्या किनाऱ्यावर हाहाकार उडवला आणि पूरग्रस्तांना दरवेळी सरकारी तिजोरीतून मदत द्यावी की विम्याची सोय करावी, हा प्रश्न ऐरणीवर आला. खाजगी कंपन्या पूरविम्यापासून दूर राहत असत. याचे कारण या धंद्याच्या स्वरूपातच आहे. आग एका घराला लागते. पूर संपूर्ण खोऱ्याला एकाच रात्री बुडवतो. शिवाय ज्यांना धोका आहे तेच विमा घेतात, डोंगरमाथ्यावर राहणारा तो घेत नाही. त्यामुळे धोका अनेकांत वाटला जात नाही.

या पार्श्वभूमीवर संघराज्याच्या पूरनियंत्रण धोरणाचा फेरविचार करण्यासाठी नेमलेल्या कृतिदलाचे अध्यक्षपद व्हाइट यांच्याकडे आले. ऑगस्ट १९६६ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी तो अहवाल अमेरिकी काँग्रेसला सादर केला. पूरमैदानांचे नकाशे तयार करावेत, सरकारी इमारती उभारताना पुराचा धोका पाहावा, राज्यांनी व स्थानिक संस्थांनी जमिनीच्या वापरावर नियम करावेत, अशा शिफारशी त्यात होत्या. विम्याबाबत मात्र अहवालाचा सूर सावध होता. विम्याचा हप्ता खऱ्या धोक्याच्या प्रमाणात असावा, म्हणजे नदीच्या अगदी काठावर घर बांधणाऱ्याला ते महाग पडेल आणि तो दुसरी जागा शोधील. हप्ता कृत्रिमरीत्या स्वस्त ठेवला तर विमाच लोकांना पूरमैदानात यायचे आमंत्रण देईल. म्हणून टप्प्याटप्प्याने अभ्यास करून मगच पाऊल टाकावे, असे कृतिदलाचे मत होते.

सरकारला मात्र घाई होती. १ ऑगस्ट १९६८ रोजी जॉन्सन यांच्या स्वाक्षरीने राष्ट्रीय पूरविमा कायदा अस्तित्वात आला. त्याची मूळ रचना एका देवाणघेवाणीवर उभी होती. गाव, शहर किंवा काउंटी यांनी पूरमैदानात नव्या बांधकामांवर नियम लागू करायचे. त्या बदल्यात तेथील घरमालकांना सरकारी पूरविमा विकत घेता येईल. जुन्या घरांना सवलतीचा हप्ता, नव्या घरांना धोक्याप्रमाणे हप्ता. जुनी घरे कालांतराने मोडकळीस येतील आणि सवलतीची गरज संपेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ती घरे दुरुस्त होत राहिली, विकली जात राहिली आणि सवलत अनेक दशके चालू राहिली.

नियमासाठी कोणता पूर प्रमाण मानायचा, हाही प्रश्न होता. १९६८ च्या अखेरीस शिकागो विद्यापीठात भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत, जिच्यात व्हाइट यांचा सहभाग होता, दरवर्षी येण्याची शक्यता एक टक्का असलेला पूर सुचवण्यात आला. लोकभाषेत हाच शंभर वर्षांचा पूर झाला. महाराष्ट्रात नदीकाठी जी लाल पूररेषा आखतात, तीही याच मापाची आहे. या नावाने मोठा घोटाळा केला. शंभर वर्षांचा पूर म्हणजे शतकातून एकदाच येणारा पूर, अशी समजूत दृढ झाली. वस्तुतः एक टक्क्याची शक्यता दरवर्षी नव्याने उभी असते. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात असा पूर किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के भरते, म्हणजे चारात एकाहून थोडी अधिक. पुढे व्हाइट यांनाही या एकाच रेषेवर सारा भार टाकणे चुकीचे वाटू लागले. रेषेच्या आत धोका आणि बाहेर सुरक्षितता, असा निसर्गाचा व्यवहार नसतो.

१९७२ च्या जूनमध्ये अ‍ॅग्नेस वादळाच्या पावसाने पेनसिल्व्हेनियात सस्क्वेहाना नदी तटबंधांवरून वाहिली. विल्क्स-बॅरी शहर बुडाले आणि विमा घेतलेली घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघाली. ऐच्छिक विमा लोक घेत नाहीत, हे सिद्ध झाले. १९७३ च्या कायद्याने धोक्याच्या क्षेत्रातील घरासाठी नियमनाखालील बँकेचे कर्ज घेताना पूरविमा बंधनकारक केला. नियम न स्वीकारणाऱ्या वस्त्यांना संघराज्याच्या आर्थिक साहाय्यावर पाणी सोडावे लागे. अशा रीतीने वॉशिंग्टनमध्ये ठरलेले धोरण देशाच्या दूरच्या ग्रामीण काउंट्यांच्या दारात येऊन उभे राहिले.

ग्रामीण काउंटीत हा विषय शहरापेक्षा अधिक अवघड असतो. नगरपालिकेच्या हद्दीबाहेरच्या जमिनीवर नियम करण्याचा अधिकार निवडून आलेल्या काउंटी मंडळाकडे असतो आणि स्वतःच्या जमिनीवर काय बांधावे हे दुसऱ्याने सांगणे तेथील मतदारांना रुचत नाही. अनेक घरे पिढीजात असतात, त्यांवर कर्ज नसते. म्हणून विम्याची सक्तीही लागू होत नाही. लहान ओढ्यांचे नकाशे एक तर जुने असतात किंवा तयारच झालेले नसतात. व्हाइट यांच्या विचाराचे वैशिष्ट्य हे की त्यांनी या स्तराला कधी कमी लेखले नाही. पुराच्या नुकसानीचा खरा निर्णय घर बांधणारा माणूस आणि त्याला परवाना देणारी स्थानिक संस्था घेते. म्हणून त्या दोघांपुढे सर्व पर्याय आणि त्यांची किंमत स्वच्छपणे मांडली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

१९७० मध्ये ते कोलोरॅडो विद्यापीठात, बोल्डर येथे आले आणि शेवटपर्यंत तेथेच राहिले. १९७६ मध्ये त्यांनी नैसर्गिक आपत्तींच्या अभ्यासाचे व माहितीचे केंद्र स्थापन केले. संशोधक, अधिकारी आणि क्षेत्रात काम करणारे कार्यकर्ते यांना एका छताखाली आणणारी त्या केंद्राची वार्षिक परिषद पुढे जगभर ओळखली जाऊ लागली. त्याच वर्षी ३१ जुलैच्या रात्री, बोल्डरच्या उत्तरेला लॅरिमर काउंटीत बिग थॉम्पसन नदीच्या अरुंद घळीत काही तासांत सुमारे बारा इंच पाऊस कोसळला. कोलोरॅडो राज्याच्या शताब्दीचा तो आठवडा होता आणि घळ पर्यटकांनी भरली होती. १४४ माणसे मृत्युमुखी पडली, चारशेहून अधिक घरे वाहून गेली. व्हाइट यांच्या विद्यार्थिनी ईव्ह ग्रंटफेस्ट यांनी त्या रात्री कोणी काय केले याचा अभ्यास केला. मोटारीने घळीबाहेर पडू पाहणाऱ्यांपैकी अनेक जण बुडाले. गाडी सोडून कडा चढणारे बहुतेक वाचले. आज त्या राज्यातील डोंगरी रस्त्यांवर पूर आल्यास उंचावर चढा असे सांगणारे फलक दिसतात, ते त्या रात्रीचे स्मरण आहे.

व्हाइट यांचे काम अमेरिकेपुरते मर्यादित नव्हते. मेकाँग नदीच्या खोऱ्याच्या विकासाचा त्यांनी अभ्यास केला. पत्नी अ‍ॅन आणि डेव्हिड ब्रॅडली यांच्यासह त्यांनी पूर्व आफ्रिकेतील घराघरांत पाणी कसे आणले जाते व वापरले जाते याचा शोध घेतला. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेला तो ग्रंथ या विषयातील पायाभूत मानला जातो. सन २००० मध्ये त्यांना राष्ट्रीय विज्ञान पदकाने गौरवण्यात आले.

१९९३ च्या उन्हाळ्यात मिसिसिपीला पुन्हा महापूर आला. इलिनॉय राज्यातील मन्रो काउंटीत सुमारे नऊशे वस्तीचे व्हालमेयर हे गाव तटबंध ओलांडून आलेल्या पाण्यात बुडाले. गावकऱ्यांनी एक धाडसी निर्णय घेतला. सरकारच्या साहाय्याने जुनी घरे सोडून त्यांनी जवळच्या उंच कड्यावर नवे गाव वसवले. जमिनीचा वापर बदलण्याचा जो मार्ग व्हाइट यांनी अर्धशतकापूर्वी कागदावर मांडला होता, तो एका लहान गावाने जगून दाखवला. परंतु अशी गावे अपवादात्मक राहिली. २००५ मध्ये कतरिना वादळाने न्यू ऑर्लिन्सचे तटबंध फोडले, तेव्हा त्र्याण्णव वर्षांच्या व्हाइट यांना आपला जुना इशारा खरा झालेला पाहावा लागला. पूरविमा योजना अब्जावधी डॉलरच्या कर्जात गेली आणि २०१७ मध्ये काँग्रेसला त्यातील १,६०० कोटी डॉलर माफ करावे लागले. एकच घर पुनःपुन्हा बुडावे, पुनःपुन्हा भरपाई मिळावी आणि ते पुनःपुन्हा त्याच जागी उभे राहावे, अशी उदाहरणे या योजनेत साचत गेली होती.

५ ऑक्टोबर २००६ रोजी बोल्डर येथे व्हाइट यांचे निधन झाले. सात वर्षांनी, सप्टेंबर २०१३ मध्ये, बोल्डर काउंटीत एका आठवड्यात जवळपास वर्षभराचा पाऊस पडला. लायन्स आणि जेम्सटाउन ही डोंगराळ भागातील लहान गावे जगापासून तुटली. नुकसान झालेल्या बहुतेक घरांना पूरविमा नव्हता. शहरातील ओढ्याकाठचा जो पट्टा बांधकामापासून मोकळा ठेवावा म्हणून व्हाइट यांनी अनेक वर्षे नगरप्रशासनाचा पाठपुरावा केला होता, त्या पट्ट्यातून पाणी वाहून गेले. तेथे वाहून जाण्याजोगी घरे फारशी नव्हती.

२०२१ पासून पूरविम्याचा हप्ता प्रत्येक घराचा स्वतंत्र धोका पाहून ठरू लागला आहे. पाण्यापासूनचे अंतर, जमिनीची उंची, घर पुन्हा बांधण्याचा खर्च यांचा त्यात विचार होतो. हप्ता धोक्याच्या प्रमाणात असावा, हे १९६६ चे तत्त्व अर्ध्या शतकाने व्यवहारात उतरले. पण त्याबरोबर दुसरा प्रश्न उभा राहिला आहे. नदीकाठच्या ग्रामीण काउंटीत मर्यादित उत्पन्नावर जगणाऱ्या कुटुंबाला खरा हप्ता परवडत नाही आणि स्वस्त हप्ता त्याला धोक्यातच ठेवतो. विमा हा आठ मार्गांपैकी एक आहे, या व्हाइट यांच्या म्हणण्याचे मर्म येथे कळते. घर उंचावणे, घर हलवणे, जागा विकत घेऊन मोकळी ठेवणे हे मार्ग सोबत नसतील तर एकटा विमा त्या कुटुंबाला तारू शकत नाही.

घरमालकाच्या दृष्टीने या साऱ्याचा अर्थ व्यावहारिक आहे. नकाशाच्या रेषेबाहेरचे घर पुराबाहेरचे असतेच असे नाही. सरकारी विमा रेषेबाहेरच्या घरालाही, त्या काउंटीने योजना स्वीकारली असल्यास, घेता येतो. घराच्या वास्तूसाठी त्याची कमाल मर्यादा २,५०,००० डॉलर आणि सामानासाठी १,००,००० डॉलर आहे, तर तळघरातील वस्तूंना फार थोडे संरक्षण आहे. नवी पॉलिसी साधारणपणे तीस दिवसांनी लागू होते. म्हणजे वादळाची बातमी ऐकून विमा घ्यायला निघालेल्याला उशीर झालेला असतो.

बोल्डर क्रीकच्या काठी व्हाइट यांच्या स्मरणार्थ एक स्तंभ उभारलेला आहे. त्यावर त्यांचा पुतळा नाही. निरनिराळ्या पुरांचे पाणी कुठवर चढेल, याच्या खुणा त्यावर आहेत. ओढ्याकाठून फिरायला जाणारी माणसे त्याच्याशेजारी उभी राहतात आणि पाणी आपल्या गुडघ्यापर्यंत येईल, छातीपर्यंत येईल की डोक्यावरून जाईल, हे स्वतःच पाहून घेतात.